टाकी फुल करू नका

देवरावांना आगीची भीती वाटायची, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. नागपूरच्या गांधीबागेत, कापडबाजारातल्या गठाणींमध्ये ज्याची हयात गेली, त्याला आगीची भीती नाही वाटायची तर कुणाला वाटायची? तरुणपणी त्यांनी पलीकडच्या गल्लीतलं एक गोदाम जळताना पाहिलं होतं. आत सगळा सुती माल. ज्वाळा विझल्यावरही गठाणी आतून धुमसत राहिल्या आणि मालक समोरच्या ओट्यावर बसून नुसता बघत राहिला. तेव्हापासून देवरावांच्या दुकानात उदबत्तीसुद्धा उंबऱ्याबाहेर लागायची. गिऱ्हाइकाच्या खिशातून काडेपेटी डोकावली, तर देवराव हातातली साडी सोडून आधी त्या खिशाकडे बघायचे. नोकर मागून हसायचे. हसोत बापडे.

अशा माणसाच्या घराखाली त्याच्या मुलानं शर्यतीची गाडी आणून उभी केली.

घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर. वर दोन मजले राहायला, खाली अर्ध्या भागात जास्तीचा माल आणि अर्ध्या भागात वाहनं. मध्ये एक पत्र्याचा दरवाजा, तोही धड न लागणारा. तिथं हर्षितची गाडी असायची. दिसायला साधी, जुनी जपानी सेडान, पण बॉनेटखाली भलतंच काही. हर्षित इंजिनिअर झाला होता आणि इंजिनिअर होऊन शेवटी बापाच्याच गादीवर साड्या उलगडत बसला होता. त्याचा सगळा जीव त्या गाडीत. तिला टर्बो बसवला होता, मोठे इंजेक्टर, टाकीत मोठा पंप. कंपनीनं जेवढी ताकद दिली होती, त्याच्या दुपटीला ती आता पोचत होती. हे सगळं करणारा प्रशिक. हर्षितचा कॉलेजातला वर्गमित्र, शहरातल्या जरीपटका भागात स्वतःचं गॅरेज, अशा गाड्या बांधण्यात हळूहळू नाव होऊ लागलेला.

देवरावांना गाडी आवडत नव्हती, पण प्रशिक आवडायचा. फार आवडायचा. बायको, शोभाताई, गेल्यापासून त्या घरात दोन पुरुष होते आणि दोघंही जेवताना मोबाइल बघायचे. रविवारी सकाळी प्रशिक जिन्यातूनच ओरडत वर यायचा, "काका, पोहे सांगतले का नाही? माहीवाली तर्री जास्त सांगजा!" आणि मग घरात माणसं राहतात असं वाटायचं. कोपऱ्यावरच्या टपरीवरून पोहे यायचे, तर्रीनं तिघांच्याही नाकातून पाणी यायचं, आणि प्रशिक बढाया मारत सुटायचा. या गाडीनं अमुकाला मागे टाकलं, पुण्याच्या एकाचा फोन आला होता, बंगळूरचा एक विचारून राहिला. त्यातलं अर्धं खरं असावं. पण त्या बढाया ऐकून हर्षित हसायचा, आणि हर्षितला हसवणं बापाला जमलेलं नव्हतं.

तर तो मे महिना. नागपूरचा मे महिना कसा असतो ते सांगत बसण्यात अर्थ नाही. सकाळी नळाला गरम पाणी येत होतं, एवढं पुरे. कापड व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेजारच्या मधुकररावांनी एक मेसेज टाकला. जळून कोळसा झालेल्या मोटारीचं चित्र आणि खाली लाल अक्षरांत, "सावधान! उन्हाळ्यात गाडीची टाकी फुल करू नका. स्फोट होऊ शकतो. आपल्या माणसांना वाचवा, पुढे पाठवा." असले मेसेज दर उन्हाळ्यात उगवतात. तेल कंपन्या दरवर्षी सांगतात की असं काही नसतं. पण देवरावांनी ते चित्र मोठं करून करून पाहिलं, आणि मग खाली जाऊन गाडीपासून गठाणींपर्यंतचं अंतर पायांनी मोजून पाहिलं.

हर्षित तर दर शनिवारी टाकी गळ्यापर्यंत भरून आणायचा. कारण प्रशिकनं मोठा पंप बसवताना टाकीतला जुना तरंगता गोळा कुठंतरी अडकला होता, आणि डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर थांबलेला असायचा. "काट्याच्या भरवशावर राहू नको बे," प्रशिक म्हणाला होता, "शनिवारी फुल करत जा, विषय खतम."

देवरावांनी मुलाला सांगून पाहिलं नसेल असं नाही. एकदा जेवताना म्हणाले, "हर्षित, या गर्मीत टाकी एवढी भरू नये म्हणते."

"कोण म्हणते?"

"मेसेज आला होता."

"बाबा, तुम्हाले नाही समजत त्यातलं," हर्षित म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

झालं. ज्या घरात "तुम्हाले नाही समजत" हे वाक्य दिवसातून दोनदा पडतं, तिथं म्हातारी माणसं बोलणं सोडतात आणि परस्पर करून मोकळी होतात. देवरावांनी तेच केलं. कूलरला पाणी भरायचा पारदर्शक पाइप होता, त्याचा एक तुकडा कापला. संध्याकाळी हर्षित आंघोळीला गेला की खाली यायचं, गाडीच्या टाकीचं झाकण उघडायचं, पाइप आत सोडायचा, तोंडानं ओढायचा आणि पेट्रोल डब्यात उतरवायचं. पहिल्या वेळी तोंडात घोट गेला आणि दोन दिवस जेवणाला चव लागली नाही. पण नंतर हात बसला. उतरवलेलं पेट्रोल घरात थोडंच ठेवणार? ते स्वतःच्या स्कूटरमध्ये, उरलं तर दुकानाचा माल आणायच्या व्हॅनमध्ये, आणि त्याहून उरलं तर मधुकररावांच्या मोपेडमध्ये. मधुकरराव खूश. देवराव त्याहून खूश, कारण त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. हर्षितला संशय नाही; असली गाडी पेट्रोल पिणारच, असं तो धरून चालायचा.

सुरुवातीला ते टाकी अर्धी ठेवायचे. पुढं ऊन वाढलं तसं अर्ध्याचं पाव झालं. भीतीचं असंच असतं, तिला थोडं दिलं की ती आणखी मागते.

आणि त्याच सुमारास गाडीचं पेट्रोलचं प्रेशर पडायला लागलं.

पहिल्यांदा हर्षित आउटर रिंग रोडवरून परत आला तो तोंड पाडून. गाडी साधी चालवली तर छान चालते, पण पाय पूर्ण दाबला की मध्येच अडखळते, कुणी मागून शर्ट धरावा तशी. रविवारी प्रशिक आला, लॅपटॉप लावला, पडद्यावरच्या रेघा बघून म्हणाला, "प्रेशर पडून राहिलं. जोर मागतला का पेट्रोल कमी जाते. हे असं चालवू नको बे. हवा जास्त अन् पेट्रोल कमी झालं का पिस्टनच वितळते. इंजिनच जाईल."

मग शोध सुरू झाला. प्रशिकनं पेट्रोलच्या नळीला मीटर जोडला. गाडी जागेवर चालू ठेवून पाहिलं, काटा हलायलाही तयार नाही. जिथं हवा तिथं उभा. पंपाला वीज पुरेशी पोचते का पाहिलं, तरी जुनी बारीक वायर काढून जाड टाकली, रिले नवा बसवला. फिल्टर बदलला. प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर उघडून साफ केला. देवराव वरून कैरीचं पन्हं घेऊन यायचे आणि गठाणीवर बसून बघायचे. दोघं पोरं गाडीखाली, नुसते पाय बाहेर, आणि आतून एकमेकांना शिव्या. देवरावांना खोटं कशाला सांगावं, फार बरं वाटायचं. गाडी बिघडल्यापासून प्रशिक आठवड्यातून तीनदा यायला लागला होता.

दुरुस्ती झाली की दोघं गाडी घेऊन निघायचे. जाताना एकदा पेट्रोल पंपावर भरून घेतलेलं असलं, तर गाडी सुसाट पळायची. "झालं!" म्हणून टाळ्या देत परत यायचे. पुढच्या वेळी हर्षित घरूनच थेट निघायचा आणि पुन्हा तीच बोंब. कधी होतं, कधी होत नाही, असा आजार वैद्यालाही नको असतो. प्रशिकनं मीटर लांब नळीनं बाहेर काढून समोरच्या काचेवर चिकटवला, म्हणजे चालत्या गाडीत काटा दिसावा. त्यानं तो डोळ्यांनी पडताना पाहिला. पाय दाबला की धाडकन खाली.

"टाकीत पेट्रोल आहे नं बे पुरतं?" त्यानं एकदा विचारलं होतं. देवराव तिथंच होते.

"शनिवारी फुल केलं, म्या स्वतः," हर्षित म्हणाला.

आणि प्रशिकनं त्यावर विश्वास ठेवला. मित्रानं सांगितलं, संपला विषय. देवरावांनीही ते ऐकलं, पण त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यांच्या हिशेबी पेट्रोल कमी असो का जास्त, ते संपेपर्यंत गाडी चालते. त्यांची स्कूटर नाही का शेवटच्या थेंबापर्यंत चालत? प्रेशर ही पंपाची भानगड, मोठ्या यंत्रांची. तुम्हाले नाही समजत त्यातलं. आपल्याला समजत नाही हे देवरावांनी एव्हाना मनापासून मान्य करून टाकलं होतं.

जूनच्या पहिल्या रविवारी शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर गाड्यांचा कार्यक्रम होता. एकेक गाडी सरळ पळवायची आणि वेळ नोंदवायची. मुंबई-पुण्याकडची मंडळीही येणार होती. प्रशिकनं गाडीच्या दारावर आपल्या गॅरेजचं नाव रंगवून घेतलं, निळ्या अक्षरांत, झोकात. "काका, तुम्हीबी चला," तो म्हणाला. "पोराची गाडी उडताना पाहा एकदा." शनिवारी हर्षित टाकी फुल करून आला. उद्या कडक ऊन, त्यात गाडी तापणार, आणि पोरगा आत बसणार. शनिवारी संध्याकाळी देवरावांनी नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल उतरवलं.

सकाळी प्रशिक कार्यक्रमाच्या जागी थेट जरीपटक्याहून आला, बापलेक घरून गेले. सगळ्यांना उशीर झाला होता, गाडी रांगेत लागली, हर्षितनं हेल्मेट चढवलं. दिवा हिरवा झाला आणि गाडी अशी निघाली की देवरावांचा हात आपोआप छातीवर गेला. निम्म्या अंतरापर्यंत ती सगळ्यांत कमी वेळ नोंदवणार असं लोक ओरडत होते. मग आवाज बदलला. डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. मागून निळसर पांढरा धूर निघाला आणि गाडी पट्टीच्या कडेला जाऊन थांबली.

देवराव आणि प्रशिक धावत पोचले तेव्हा हर्षित बाहेर उभा होता. त्याला काही झालं नव्हतं. देवरावांचा जीव भांड्यात पडला, आणि त्या क्षणी त्यांना दुसरं काहीच महत्त्वाचं वाटलं नाही. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती, ती त्यांनी मुलापुढं धरली. हर्षितनं ती घेतली नाही. तो प्रशिककडे बघत होता. भोवती माणसं जमली होती, कुणी मोबाइल धरून.

"पंप डुप्लिकेट टाकला तुनं," हर्षित म्हणाला.

"काय बोलून राहिला बे? तुह्यासमोर डबा फोडला होता."

"मंग प्रेशर काहून पडते? महिना झाला, हे बदल, ते बदल. सारं इंजिन गेलं. माहीच चूक आहे. तुमच्या लोकाईवर भरोसा ठेवला म्या."

तुमच्या लोकाईवर. नागपुरात हे दोन शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. जातीचं नाव न घेता जात काढायची ही जुनी रीत. शिकलेल्या माणसांना ती फार सोयीची, कारण नंतर "मी तसं म्हणालोच नाही" म्हणता येतं. कॉलेजात एका ताटात जेवलेला, एका गाडीखाली पाठ टेकून झोपलेला पोरगा, आणि रागाच्या एका झटक्यात तोंडातून हे बाहेर पडलं. म्हणजे ते आत होतंच. भोवतालच्या माणसांतले काही इकडं तिकडं बघू लागले. प्रशिकनं एकदा हर्षितकडे पाहिलं आणि मग, का कोण जाणे, देवरावांकडे पाहिलं. देवराव बाटलीचं झाकण लावत होते. तरुण पोरं आहेत, रागात आहेत, आपण मध्ये पडलो तर वाढेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. प्रशिक वळला आणि चालत आपल्या गाडीकडे गेला.

मेलेली गाडी ट्रकवर घालून घरी आली आणि पुन्हा गठाणींशेजारी उभी राहिली. दारावर प्रशिकच्या गॅरेजचं नाव तसंच. त्या क्षणाचा व्हिडिओ गाड्यांच्या ग्रुपांवर फिरला, धुराचाही आणि त्यानंतरच्या बोलण्याचाही. कुणी लिहिलं, नागपूरच्या त्या गॅरेजात दोन नंबरचे पार्ट टाकतात. हर्षितनं ते वाचलं आणि खोडून काढलं नाही.

दोन दिवसांनी देवराव दुपारचे दुकानात एकटे होते. कूलर अचानक गरम हवा फेकायला लागला. आतून पंपाचा गुरगुर आवाज. नोकर पाणी भरायला विसरला होता. देवराव उठले, कूलरची खिडकी काढली. तळाशी बोटभर पाणी, आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढत होता. एका बाजूचा खसचा पडदा पार कोरडा. कूलर जरा कलता होता, म्हणून उरलेलं पाणी सगळं दुसऱ्या बाजूला जमलेलं. पंप चांगलाच होता. त्याला पाणीच मिळत नव्हतं.

देवराव बादली हातात घेऊन उभेच राहिले. गाडी जोरात निघाली की टाकीतलं पेट्रोल कुठं जाणार? मागे, पंपाच्या तोंडापासून लांब. आणि टाकीत असणार तरी किती, पाव, त्या दिवशी तर त्याहूनही कमी. त्यांनीच ठेवलेलं. महिनाभर पोरं गाडीखाली पाठी भाजून घेत होती आणि आपण पन्हं पाजत वर गठाणीवर बसलो होतो, हे त्यांना एकदम दिसलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

त्या रात्री सांगायचं असं त्यांनी ठरवलं. जेवताना हर्षित म्हणाला, "बाबा, या गाडीसोबत माहं नावबी गेलं," आणि देवरावांनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तर प्रशिकच आला.

तो वर आला नाही. खालून हाक मारली, "काका, पंप काढून नेतो. बेंचवर तपासून घेतो, मंग काय ते समजून जाईल." हर्षित वर होता, त्याला ऐकू गेलं, तो उतरला नाही. देवराव खाली गेले. प्रशिकनं मागची सीट उचलली, झाकण खोललं, पंप बाहेर काढला. मग टॉर्च लावून टाकीत बराच वेळ वाकून पाहत राहिला. देवराव त्याच्या पाठीकडे बघत होते. मग प्रशिक सरळ झाला, हात पुसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, एक विचारू? गाडी तं रोज तुमच्या नजरेसमोर राहते. कोणी हात तं नाही लावत हिले?"

वरच्या मजल्यावर हर्षितच्या पावलांचा आवाज झाला. देवरावांच्या डोळ्यांपुढं मुलाचा चेहरा आला, आणि ग्रुपवरचे व्यापारी, आणि मधुकररावांची मोपेड.

"नाही गा," ते म्हणाले. "कोण हात लावते?"

"बरं," प्रशिक म्हणाला. त्यानं पंप फडक्यात गुंडाळला आणि निघून गेला.

माणूस भीतीपोटी काय करून बसला त्याला क्षमा असते. पण विचारल्यावर "नाही" म्हणाला, तर तिथून पुढचं सगळं त्याचं स्वतःचं. देवरावांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. पंप बेंचवर चोख निघाला. प्रशिकनं त्याचा व्हिडिओ हर्षितला पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता. हर्षित म्हणाला, "मंग वायरिंगमधे काही केलं असन त्यानं." आणि देवराव वरण कालवत बसले.

रविवार आला. पोहे आले, दोनच. देवरावांनी द्रोण बाजूला सारला आणि सांगून टाकलं. मेसेज, पाइप, स्कूटर, मोपेड, शनिवारची संध्याकाळ, आणि ते "नाही गा"सुद्धा. हर्षित ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. तो ओरडला नाही. त्यानं मोबाइल पालथा ठेवला.

"बाबा, मले सांगून काय फायदा आता?" तो म्हणाला. "त्याले सांगाचं होतं."

"तू चल नं संग. दोघं जाऊ."

हर्षितनं मान हलवली. "म्या काय तोंड घेऊन जाऊ? तुमचं पेट्रोलचं आहे. माहं तं..." मग त्यानं गाड्यांच्या ग्रुपवर लिहिलं की चूक आमच्या घरची होती, गॅरेजचा काही दोष नाही. फार कमी लोकांनी ते वाचलं. धुराचा व्हिडिओ मात्र अजून फिरत होता.

दुसऱ्या दिवशी देवराव एकटेच स्कूटरवर जरीपटक्यात गेले. प्रशिकच्या गॅरेजात एकच गाडी होती. एरवी बाहेर रस्त्यापर्यंत रांग असायची, हे त्यांनी प्रशिकच्याच तोंडून ऐकलं होतं आणि तेव्हा ती बढाई समजले होते. रांगेतल्या गाड्यांच्या तेलाचे डाग फुटपाथवर अजून होते. प्रशिकनं त्यांना पाहिलं, लगेच खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं, कूलरचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. देवरावांनी पाणी प्यायलं नाही. सगळं सांगितलं. प्रशिक समोरच्या टायरवर बसून ऐकत होता.

"माहीत आहे मले, काका," तो म्हणाला.

"कवापासून?"

"पंप काढला तवाच. टाकी कोरडी पाहिली नं. शनिवारी फुल केलेलं पेट्रोल एका धावेत कुठं जाते? अन् तुमच्या स्कूटरपाशी डबा होता, पाइप होता."

"मंग बोलला काहून नाही बाबा तू?"

"कोणाले बोलू? हर्षितले? तो म्हणला असता, आता म्हाताऱ्याच्या माथ्यावर टाकून राहिला. माह्या सांगण्याले काय वजन होतं तिथं? वजन तुमच्या सांगण्याले होतं. म्हणून तुम्हाले विचारलं. वाटलं, काका सांगतीन."

देवरावांनी हात जोडले. प्रशिकनं झटकन उठून ते हात खाली घेतले. "हे नका करू. पेट्रोल तुम्ही भीतीनं काढलं, ते समजते मले. इंजिन काय, दुसरं बसते. पण काका, त्या दिवशी त्यानं ते म्हणलं, तवा तुम्ही माह्या बाजूलेच उभे होते." एवढंच बोलून तो थांबला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं देवरावांना वाटलं. बाटलीचं झाकण लावत होतो, हे काय सांगणार?

"रविवारी घरी ये गा," ते म्हणाले. "पोहे सांगतो. हर्षितबी..."

"येतो नं काका," प्रशिक हसून म्हणाला. "पाहतो, सवड काढून येतो."

देवराव जन्मभर गादीवर बसले होते. जे गिऱ्हाईक परत येणार असतं ते भांडतं. रंग वाईट म्हणतं, भाव जास्त म्हणतं, साडी ढकलून देतं आणि पायरी उतरून पुन्हा वर चढतं. जे कधीच येणार नसतं ते उलगडलेली साडी स्वतःच्या हातानं नीट घडी करून ठेवतं आणि हसून म्हणतं, येतो. मागून हाक मारण्यात अर्थ नसतो, हे दुकानातल्या नव्या नोकरालाही पहिल्या महिन्यात कळतं.

प्रशिक त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत आला. रहदारी फार होती. त्यानं पुढं होऊन हात दाखवून येणारा एक ऑटो थांबवला, वाट करून दिली आणि देवरावांची स्कूटर वळवून दिली.